सव्वादोन लिटरची जागा

डाग आधी ईराला दिसला. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात ती, अशी मी पार्किंगमधून जिन्याकडे निघाले होते. किल्ली काढायला तिला क्षणभर खाली टेकवलं, तेवढ्यात ती रांगत गाडीखाली शिरली. पाय धरून ओढून काढली तर उजव्या हाताचं बोट चकचकत होतं आणि तोंडाच्या वाटेवर होतं. मी मनगट धरलं. पुसायच्या आधी, का कोण जाणे, ते बोट नाकाशी नेलं. आणि शनिवारी सकाळी दहाच्या उन्हात, तेरा महिन्यांच्या माझ्या मुलीच्या बोटाला माझ्या बाबांचा वास आला.

इंजिनच्या तेलाला जळका वास असतो, ब्रेकच्या तेलाला गोडसर. हा तिसरा होता. गंधकाचा आणि फार दिवस डब्यात राहिलेल्या लसणाचा. आर्वीच्या आमच्या घरात तो रोज संध्याकाळी साडेसहाला दारातून आत यायचा आणि बाबांची आंघोळ झाली तरी मोरीत रेंगाळायचा. आई त्यांचे खाकी कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बाबांना हाच वास येतो. मग एकदा शेजारच्या गुरुजींच्या मांडीवर बसले आणि त्यांना पावडरचा वास आला, तेव्हा मला त्यांची दया आली होती. हे गिअर ऑइल. बाबांनी, एसटी डेपोतल्या हरिभाऊ मेकॅनिकनी, एकतीस वर्षं त्यात हात घातले. आमच्या या लहान गाडीची क्लच प्लेटही दहा दिवसांपूर्वी त्यांनीच बदलली होती, आर्वीच्या घरासमोरच्या अंगणात, दोन जॅक आणि एक लाकडी ओंडका लावून. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, तो घ्यायचा तर आधी त्यातलं तेल काढावं लागतं, आणि सगळं जागच्या जागी बसल्यावर तेल पुन्हा भरावं लागतं. त्यामुळे फरशीवरचा तो पिवळसर, जाड थेंब कुणाच्या हातचा आहे हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी ईराचं बोट साबणानं दोनदा धुतलं. तिसऱ्यांदा धुवायला लागले तेव्हा ती रडली.

नऊ दिवसांनी, सोमवारी, माझी रजा संपत होती. आर्वीच्या तहसील कार्यालयात मी लिपिक आहे. वर्ध्याहून गाडीनं सव्वा तास. ईराला सोबत न्यायचं, ऑफिसच्या आधी बाबांच्या स्वाधीन करायचं, मधल्या सुट्टीत जाऊन पाजून यायचं, संध्याकाळी तिला घेऊन परत. आई गेल्यापासून, म्हणजे अडीच वर्षं, बाबा एकटेच आहेत. ईरा पोटात होती तेव्हापासून हे ठरलेलं होतं, आणि बाबांनी तर ओसरीच्या पायरीला लाकडी फाटकही बसवून ठेवलं होतं. पाळणाघराचा विषय अनयनं एकदा काढला होता; मीच तो मिटवला. माझे बाबा आहेत, म्हणाले होते. ते वाक्य मी किती ताठ बसून म्हटलं होतं, ते मला त्या डागाकडे बघताना आठवलं. गाडी अशीच गळायला लागली असती तर ती गाडीची गोष्ट झाली असती. क्लच बदलल्यावर गळायला लागली, म्हणजे ज्यानं बदलला त्याच्या हाताची. तेल अडवणारं सील बसलं की नाही हे ज्या हाताला कळलं नाही, त्या हातात सोमवारपासून ईरा.

संध्याकाळी अनय बँकेतून आला, त्याला सांगितलं. तो वाकून पाहून आला, वासानं नाक आक्रसून बोट धुतलं, आणि म्हणाला की बाबांनी एसटीचाच क्लच तर नाही ना बसवला, एकदा हॉर्न वाजवून बघ. तो वाईट मनानं बोलला नाही. बाबांवर त्याचा जीव आहे. तरी मला त्या रात्रीच्या जेवणात मीठ लागलं नाही. मी डायपरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, उलगडून गाडीखाली सरकवला आणि त्याच्या कोपऱ्यात तारीख टाकली. ऑफिसची सवय. रविवारी गाडी फक्त भाजीबाजारात जाऊन आली होती, पुठ्ठा कोरडा. सोमवारी लसीकरणाला गेलो, कोरडा. मंगळवारी गाडी काढलीच नाही, कोरडा. मला वाटायला लागलं की तो एकच थेंब होता, कुठेतरी खाचेत अडकलेला, निघून गेला. बुधवारी अनयच्या मावशीला गिरडला दर्ग्यावर नेऊन आणलं, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, आणि गुरुवारी सकाळी पुठ्ठ्यावर पोळीएवढा डाग होता. पहिला डाग पडला त्याच्या आदल्या दिवशी मी रुजू होण्याचे कागद द्यायला आर्वीला गेले होते, हे तेव्हा आठवलं. म्हणजे लांब गेली, तापली, की गळते. गावातल्या गावात गप्प बसते. हे कळल्यावर समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटंच, एखाद्या माणसाविषयी बारीक काहीतरी ध्यानात यायला लागावं तसं मला झालं, आणि पुढचं ध्यानात येऊ नये म्हणून मी ईराचे कपडे इस्त्री करत बसले, ज्यांना इस्त्रीची काहीही गरज नसते.

रोज संध्याकाळी सातला बाबांचा फोन येतो. आधी ईरानं काय खाल्लं, मग किती पावलं टाकली, मग गाडी. गाडी बरी चालून राह्यली ना, असं ते रोज विचारत आणि मी रोज मस्त म्हणत होते. गुरुवारी त्यांनी जरा थांबून विचारलं, खाली काही पडते काय. मी म्हणाले, नाही. पुठ्ठा माझ्यासमोर, घडी घालून बाल्कनीत ठेवलेला होता. बाबांना खोटं सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, म्हणजे मोठेपणी. आणि ते इतकं सहज निघालं की मला वाटलं, पलीकडून येणारं ‘बरं’ही तितकंच सहज निघालेलं असेल. ते का विचारत होते? काम केलेला प्रत्येक मेकॅनिक विचारतोच. की त्यांना माहीत होतं? फोन ठेवल्यावर ईरा माझ्या मांडीवर उभी राहून माझे कान ओढत होती, आणि मी मनातल्या मनात एकेक सील उचकटून पाहत होते. चाकाकडे जाणारा दांडा ओढून काढताना त्याच्या भोवतीच्या रबराचा ओठ कापला जातो, एवढंही पुरतं. तेल काढायच्या बोल्टखालची तांब्याची चकती बसवायची राहून गेली, तेवढंही पुरतं. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळा सुटल्यावर बाबांचा डबा घेऊन डेपोत जायचं आणि बसखालच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून त्यांचं जेवण होईस्तोवर बसायचं, त्यातून ते आपोआप आलं. खड्ड्यात बाबा आणि त्यांचे जोडीदार रूपरावकाका, दोघांचे नुसते हात दिसायचे, वर पोटापर्यंत उघडी पडलेली बस, आणि बाबांचा खालून आवाज, की तेल पडते तिथं गळत नसते, लीने, वरतं पाह्य. मी वर पाहायचे. मला काही दिसायचं नाही. पण दिसलं असं मी म्हणायचे.

शुक्रवारी मी गाडी अश्वजितच्या गॅरेजला नेली. नागपूर रोडला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पस्तिशीचा, हळू बोलणारा माणूस. अनयच्या मोटरसायकलचंही तोच पाहतो. त्यानं विचारलं, क्लच कुठं केला. आर्वीला, मी म्हणाले. कोणाकडं? आहे एक जुना माणूस. हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि गाडी लिफ्टवर चढताना, तिचं पोट उघडं होताना, मी ईराला कडेवर घट्ट धरून उभी राहिले. वाटलं की आता मी नाव न सांगितलेला माणूस त्या सगळ्या लोखंडातून खाली बघेल. अश्वजित बराच वेळ बॅटरी फिरवत राहिला. मग त्यानं मला गाडीखाली बोलावलं. माणूस जाणता हाय, ताई, म्हणाला. गिअरबॉक्सच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली लोखंडापर्यंत खडूची एक बारीक रेघ होती. बोल्ट पुरता आवळला की रेघ मारायची. म्हणजे आवळला की राहिला, हे पुन्हा बघावं लागत नाही, आणि सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. असं आता कोण करते, तो म्हणाला. अठरा रेघा होत्या. मी मोजल्या. एकही तुटलेली नव्हती. मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी थंड आवाजात विचारलं, की डेपोत बाबा रेघा मारायचे का. मला आठवत नव्हतं. खूप आठवून पाहिलं. डेपोत एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं पान्यानं तपासून कागदावर सही करायची अशी रीत होती. बाबा आवळत आणि रूपरावकाका सही करत, किंवा उलट. रेघांची तिथं गरजच नव्हती.

अश्वजितनं सगळा गिअरबॉक्स पेट्रोलनं धुऊन, फडक्यानं कोरडा केला. आता त्याला त्यावर पावडर मारायची होती. कोरड्या पावडरवर तेलाची वाट स्पष्ट उमटते. त्याच्याकडची खडूची भुकटी संपली होती. मी ईराच्या पिशवीतली पावडर काढून दिली. त्यानं ती तळहातावर घेऊन फुंकरीनं सगळ्या सीलांवर, सांध्यांवर, बोल्टांवर उडवली, आणि पाच मिनिटांत आमच्या गाडीचं ते काळं, अवघड आतडं ईराच्या मानेसारखं पांढरं दिसायला लागलं. ईराला तो वास कळला असावा. ती हात पुढे करून त्याच्याकडे झेपावली. मग आम्ही पवनारच्याही पुढे, गाडी चांगली तापेपर्यंत जाऊन आलो. मी चालवत होते, अश्वजित शेजारी, मागे खुर्चीत ईरा. क्लच लोण्यासारखा होता. पायाला काही लागतच नव्हतं; अर्ध्या बोटाच्या दाबानं गिअर पडत होता, आणि मी त्या हलकेपणात दर वेळी बाबांना पाहत होते, गुडघे दुमडून, छातीवर पत्र्याची थाळी घेऊन, पडल्या पडल्या हातानं तो मेळ जुळवताना. त्या दिवशी अकराच्या आत बॉक्स खाली आला होता. मी आत भाकरी टाकत होते. ईरा ओसरीवरच्या बाजेवर झोपली होती. तीनच्या सुमारास ती उठून रडायला लागली तेव्हा माझे हात पिठात होते आणि बाबाच धावले. केरोसीननं हात पुसलेले, तो वास, तरी ती त्यांच्याकडे गप्प झाली. त्यांनी तिला शेजारच्यांच्या शेळ्या दाखवल्या. दूधभात त्यांनीच भरवला. पाचला आम्ही निघालो, आणि आंजीजवळ ईरानं उलटी केली; एवढी, की मला गाडी थांबवून तिला रस्त्याच्या कडेला धुवावं लागलं. वळणांनी झालं असेल, असं मी घरी सांगितलं. पवनारहून परतताना मला एकाएकी कळलं की आर्वीच्या त्या रस्त्याला वळणं नाहीत.

गाडी पुन्हा वर गेली. पावडर सगळीकडे जशीच्या तशी होती. दोन्ही दांड्यांची सीलं कोरडी, खालचा बोल्ट कोरडा. फक्त वरून एक ओली वाट आली होती, गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जायला-यायला एक बारीक टोपी असते तिथून, आणि ती बाजूनं उतरत, दोन-तीन कडांना वळसे घालत, सगळ्यात खालच्या टोकाला येऊन लोंबत होती.

“वरून येऊन राह्यलं, ताई,” अश्वजित म्हणाला. “गळत नाई हे. भरलं जास्त. तापलं का फुगते, अन् जागा नाई तं टोपीतून भाईर येते.”

त्यानं तेल मापाच्या भांड्यात सोडलं. ते येतच राहिलं, पिवळं, जाड, घाई नसलेलं. या गाडीला सव्वादोन लिटरची जागा असते, असं तो म्हणाला. भांड्यात तीन लिटरची खूण बुडाली आणि वर बोटभर आलं. शिवाय सोळा दिवसांत रस्त्यावर आणि माझ्या पुठ्ठ्यावर लिटरभर तरी गेलं असेल, ते वेगळं. मी विचारलं की बसवर आयुष्य काढलेल्या माणसाचा हात सैल पडू शकतो का, अंदाज चुकू शकतो का. माझा आवाज मलाच विनवल्यासारखा वाटला. त्यानं फडक्याला हात पुसत मान हलवली. एवढा नाही, म्हणाला. पावशेर चुकेल. दोनदा भरलं असेल कोणीतरी. एकानं भरलं, दुसऱ्याला माहीत नव्हतं, त्यानंही भरलं. होते असं, दोघं काम करत असले का. मी बरं म्हणाले. तिथं दोघं नव्हते हे त्याला सांगितलं नाही. त्यानं मोजून सव्वादोन लिटर भरलं आणि मी ईराला घेऊन घरी आले. वाटेत सिग्नलला थांबले आणि मोजायला लागले. तेल दोनदा, हे सोसलं असतं. दूधभात दोनदा, हेही. मूल उलटतं आणि मोकळं होतं. पण तापाचं औषध? थेंबांची ती बाटली मी ईराच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवते, आणि ताप आला तर, बाबा, सहा-सहा तासांच्या अंतरानं द्या, असं मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं होतं, आणि त्यांनी तीनदा, अगदी पहिल्यांदा ऐकावं तसं, नीट ऐकून घेतलं होतं.

त्या दुपारी ईराला झोपवताना आई आठवत राहिली. शेवटचं वर्षभर ती बाजेवरच असायची आणि चहा बाबा करायचे. मी दिवाळीत गेले होते तेव्हाची एक सकाळ होती. बाबांनी तिला चहा दिला, तिनं प्यायला, कप खाली ठेवला. पंधरा मिनिटांनी बाबा पुन्हा चहा घेऊन आले. मी काही बोलणार तर आईनं डोळ्यांनीच मला थांबवलं, कप घेतला, आणि तो दुसरा चहाही तिनं पहिल्यासारखाच फुंकून, संथपणे संपवला. मला तेव्हा ते त्यांचं काहीतरी वाटलं होतं, दोघांचं, लाडाचं. घरी येऊन अनयला ते मी हसत हसत सांगितलंही होतं. आता ईराच्या पाठीवर थोपटताना माझा हात थांबला. आईला माहीत होतं. किती दिवस? तिनं किती कप प्यायले? आणि ती गेल्यावर बाबांना कुणी सांगितलं नाही, की हा दुसरा आहे.

रविवारी सकाळी मी ईराला घेऊन एकटीच आर्वीला गेले. अनय येतो म्हणत होता. त्याला नको म्हणाले. सगळ्या रस्त्यानं मी एक वाक्य घडवत होते. खरांगण्यापर्यंत ते असं होतं की अनयच्या ऑफिसजवळ एक छान पाळणाघर निघालंय. त्यापुढे असं झालं की डॉक्टर म्हणतात रोजचा प्रवास तिला नको. गावात शिरताना दोन्ही वाक्यं मला इतकी सरकारी वाटायला लागली की मी ती टाकून दिली. बाबा फाटकाजवळच उभे होते. त्यांनी ईराला घेतलं, तिच्या डोक्यावर नाक टेकवून वास घेतला, जसा मी त्यांचा घ्यायचे. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा होत्या. पाच-पाचांचे गठ्ठे, वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत एक. मी त्या याआधीही पाहिल्या असणार. दुधाचा हिशेब, असं समजले असणार; आता त्या मला बोल्टांवरच्या रेघांसारख्या दिसल्या. शेगडीच्या बटनाशेजारीही एक रेघ होती, बोटानं पुसून पुन्हा मारलेली, पुसून पुन्हा मारलेली, तिथला रंगच उडेपर्यंत. मी ग्लास तसाच ठेवून बाहेर आले.

बाबांनीच विषय काढला. ते माझ्याकडे न बघता, ईराला पायांवर झुलवत, म्हणाले की गाडीचा आवाज बदलला आहे, हलका झाला आहे. कोणी पाहिलं काय. मी सांगितलं. पुठ्ठा, गिरड, पावडर, वरून आलेली वाट. रेघा पाहून अश्वजित काय म्हणाला तेही सांगितलं. ते आधीच सांगायला हवं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, डेपोत नवीन बिघाड ऐकायचे तसं, मध्ये न बोलता.

“किती निघालं?”

“तीनच्या वर.”

त्यांचे पाय थांबले. ईरानं आणखी झुलवा म्हणून अंग हलवलं.

“दोनदा टाकलं म्हंजे मी,” ते म्हणाले. “हे रडत उठली ना, मी हिले घेतलं. शेळ्या दाखवल्या. परत आलो तं नळी लागलेलीच होती, कॅन उघडा. टाकलं का नाई टाकलं, काही केल्या आठवेच ना, लीने. बोल्टावर रेघ मारता येते, तेलावर कुठं मारू? तुले विचारलं असतं तं तू म्हणली असती, बाबाले आठवत नाई. मंग टाकलं. कोरडी गाडी रस्त्यावर जाण्यापरीस जास्तीची बरी.”

अंगणात कुणाच्या तरी कोंबड्या आल्या होत्या आणि मी त्या हाकलाव्यात की नाही याचा विचार करत होते. मग मी विचारलं, आणि दूधभात?

बाबांनी ईराकडे पाहिलं. तिनं त्यांच्या बनियनचं टोक तोंडात घेतलं होतं.

“भरवला, एवढं आठवते. किती डाव, ते नाई.” त्यांनी तिच्या तोंडातून ते टोक हलकेच सोडवलं. “उद्यापासून तिले माह्यापाशी नको ठेवू.”

नऊ दिवस मी जे वाक्य कुठल्या कुठल्या कपड्यांत गुंडाळून आणत होते, ते त्यांनी असं उघडं माझ्या हातात दिलं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. ते आधी वाटलं, हे मी लपवणार नाही. खांदे खाली आले, श्वास पोटापर्यंत गेला. मग लगेच, त्याच श्वासाच्या शेवटी, मला म्हणावंसं वाटलं की असं काय बोलता बाबा, कुणालाही होतं, मीही विसरते. आणि ते म्हणून, हसून, ईराला तिथंच मांडीवर ठेवून आत जाऊन चहा टाकावासा वाटला. आईनं तेच केलं असतं. मी आत गेले नाही. मग मी त्यांना म्हणाले की कपडे भरा, आमच्याकडे चला, मंगळवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून येऊ. मी आणखी पंधरा दिवस रजा मागते, पुढचं पुढे. मला वाटलं होतं की ते भांडतील, घर कोण पाहील म्हणतील, तुळशीला पाणी कोण घालेल म्हणतील. ते उठले आणि दहा मिनिटांत पिशवी भरून बाहेर आले. पिशवी आधीपासून भरलेली होती की काय, कोण जाणे. त्या मुकाट्यानं येण्याची मला त्या तीन लिटरपेक्षा जास्त भीती वाटली.

ईराला मागच्या खुर्चीत बसवून तिचे पट्टे लावण्यात माझा वेळ गेला. एक पट्टा पिळला होता, तो सरळ होईना. बाबा सवयीनं गाडीला वळसा घालून चालकाच्या बाजूला आले, दाराला हात लावला, मग तसेच फिरून मागे ईराशेजारी जाऊन बसले. आम्ही निघालो. कापसाचे जिनिंग कारखाने मागे पडले, गाव संपलं, सोयाबीनची काढलेली मोकळी वावरं सुरू झाली. बाबा ईराला खिडकीतून काय काय दाखवत होते, आणि मग त्यांचा आवाज बंद झाला. आरशात मी पाहिलं. ते पुढे झुकले होते.

“कुलूप लावलं ना मी?”

“लावलं, बाबा. मी पाह्यलं,” मी म्हणाले.

ते मागे टेकले. त्यांचा सगळा चेहरा एकदम सैल झाला, कपाळ, गाल, मान. अडीच वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता, आणि त्याआधी रोज पाहिला होता. त्यांनी ईराचं पाऊल हातात घेतलं आणि डोळे मिटले. गाडी सुरेख चालली होती. पायाखाली क्लचचा भार जाणवत नव्हता, मागून कसलाही आवाज नव्हता, आणि मी असं ठरवलं असतं तर वर्ध्यापर्यंत तशीच गेले असते. उद्याही, परवाही, लावलं बाबा, दिलं बाबा, झालं बाबा. किती गोड जमलं होतं मला, पहिल्याच खेपेला. मी रस्त्याकडेचे पुढचे दोन किलोमीटरचे दगड मोजले. तिसरा यायच्या आत गाडी कडेला घेतली, मागून येणारा ट्रॅक्टर जाऊ दिला, आणि वळवली.

काय झालं, बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

“मी पाह्यलं नव्हतं, बाबा. मी ईराचा पट्टा लावत होते.”

आरशात ते माझ्याकडे बघत होते. रागावले असं वाटलं, की लाजले. मला त्यांचे ते डोळे वाचता येईनात. ईरानं काहीतरी लांबलचक, बिनशब्दांचं सांगितलं. बाबांनी तिचं ऐकून घेतलं.

“मंग पाहून येऊ,” ते म्हणाले.

घरापाशी मी गाडी बंद केली. त्यांना एकट्यालाही जाऊन येता आलं असतं. तरी मी ईराचे सगळे पट्टे पुन्हा सोडले आणि तिला कडेवर घेऊन त्यांच्या मागे अंगणात गेले. कुलूप लागलेलं होतं. बाबांनी ते धरून खाली ओढलं, ते हललं नाही. मग ते बाजूला सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली, आणि मीही ओढून पाहिलं.